खाणीतला टिपर आणि गिरणीतलं पीठ : प्रतिकृती तपासायची कशी?



पेटची मुलाखत जवळ आली की एक प्रश्न हमखास येतो : "ताई, सिनॉप्सिसमध्ये मॉडेल वापरणार असं लिहिलंय, त्यावर काय विचारतील?" मी दरवेळी तेच सांगते. ते विचारतील, हे कशाचं मॉडेल आहे? प्रश्न ऐकायला बाळबोध वाटतो. मला तो दुसऱ्या वर्षाच्या प्रोग्रेस सेमिनारला विचारला गेला तेव्हा उत्तर आलं नाही आणि सहा महिन्यांचं काम बाजूला ठेवावं लागलं. आज ती गोष्ट सांगते, पण सरळ नाही. आधी एका वेगळ्या जगात जाऊ : जुन्या खाणींतल्या रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती. हौशी माणसं त्या बनवतात आणि फार जीव ओतून बनवतात. मला त्या आवडतात. त्यांच्यावर टीका करायची ती त्यासाठीच, कारण मॉडेल म्हणजे काय हे मला पाठ्यपुस्तकापेक्षा त्यांनी जास्त शिकवलं.

खाणीचीच रेल्वे का?

पुण्यात रेल्वेची प्रतिकृती म्हटलं की कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आठवतं. भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं हे संग्रहालय १९९८ साली सुरू झालं. शाळेच्या सहलीत बहुतेकांनी पाहिलं असेल. तिथलं प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. खरी ८७ मीटर लांबीची वस्तू तिथे एक मीटरची होते. ते एक कल्पित शहर आहे : रस्ते, पूल, सर्कस, आणि या सगळ्यातून सिग्नलप्रमाणे धावणाऱ्या गाड्या. ही अमुक स्टेशनची हुबेहूब नक्कल आहे असा त्याचा दावा नाही. अनेक गाड्या एकमेकींना न धडकता कशा चालवायच्या, हे तिथे खरोखर घडताना दिसतं. म्हणून परीक्षण लिहायचं तर सिग्नल, सांधे आणि गाड्यांचं वेळापत्रक यांवर लिहावं, "असं शहर पृथ्वीवर कुठे आहे?" असं विचारणं अन्यायाचं होईल. पहिला धडा इथेच मिळतो. मॉडेल ज्या प्रश्नासाठी बनलंय, त्या प्रश्नावरच त्याला आधी तपासा.

पण घरात मॉडेल बनवणाऱ्याकडे हॉल नसतो, कपाटाचा एक फळा असतो. मेन लाईनची वळणं शेकडो मीटर त्रिज्येची. १७५ मीटरचं वळण १:८७ ला दोन मीटर त्रिज्येचं होतं, म्हणजे वन-बीएचकेमधली अख्खी बेडरूम गेली. खाणीतले हलके रूळ मात्र दहा-पंधरा मीटर त्रिज्येतही वळत. तेच प्रमाण लावलं की साधारण १५ सेंटीमीटर. जेवणाच्या ताटाच्या कडेने गाडी फिरेल. छोटं इंजिन, चार टिपर, एक शेड, मालाचा एक ढीग, की खाण तयार. या छंदात खाणरेल्वे लाडकी असण्याचं एक कारण असं जागेचं आहे.

महाराष्ट्राला तर हा विषय परका नाहीच. वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग गेला तो १८७० च्या दशकात, तिथल्या कोळशासाठी. नागपूर-भंडाऱ्याच्या मँगनीजसाठी १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट स्थापन झालं. आजची मॉईल ही त्याच परंपरेतली सरकारी कंपनी. मनसर, कांद्री, गुमगाव, चिखला, डोंगरी बुजुर्ग ही त्या खाणींची नावं. खाणीच्या तोंडापासून ढिगापर्यंत आणि ढिगापासून स्टेशनपर्यंत माल न्यायला त्या काळात हलके रूळ हाच जगभरचा उपाय होता. अशा रुळांवर चालणारा, व्ही आकाराचा, बाजूला कलंडणारा लोखंडी डबा म्हणजे टिपर. लीड्सच्या रॉबर्ट हडसनसारख्या कंपन्या हे डबे साच्यातून काढल्यासारखे बनवत. एक घनयार्ड, म्हणजे साधारण ०.७६ घनमीटर, हे त्यांचं नेहमीचं माप.

आता हा टिपर लहान करू, आणि काय काय मोडतं ते बघू.

पट्टीने मोजलं तर काय सापडतं

सुरुवात रुळांपासून. नेरळ-माथेरानचे रूळ आठवा, दोन फुटी, ६१० मिलिमीटर. १:८७ ला हे अंतर ७ मिमी व्हायला हवं. बाजारात सहज मिळणारा छोटा रूळ ९ मिमीचा. त्यावर दोन फुटी गाडी ठेवली की ती खऱ्या हिशोबात ७८३ मिमी रुंद रुळांवर उभी राहते, म्हणजे अठ्ठावीस टक्के फुगलेल्या. तोच ९ मिमीचा रूळ विदर्भातल्या अडीच फुटी 'छोटी लाईन'ला मात्र जवळजवळ चपखल बसतो, कारण ७६२ ला ८७ ने भागलं की ८.७६ येतं. रूळ तोच. एका प्रश्नाला तो चुकीचा, दुसऱ्याला चालण्याजोगा. आपल्या ब्रॉडगेजचीही हीच गत. १६७६ मिमीला १९ मिमीच्या थोडे वरचे रूळ हवेत, पण भारतीय गाड्यांची बहुतेक एचओ मॉडेल्स तयार मिळणाऱ्या १६.५ मिमीच्या रुळांवरच धावतात. ते माप युरोपातल्या स्टँडर्ड गेजचं.

मग पत्रा. टिपरचा पत्रा ३ मिमी जाड धरा. १:८७ ला तो ०.०३४ मिमी होतो, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाच्या एक तृतीयांश. एवढं पातळ प्लास्टिक साच्यात ओतता येत नाही. समजा तयार किटमधली भिंत अर्धा मिलिमीटर आहे. ८७ ने गुणा, साडेत्रेचाळीस मिलिमीटर आले. हा टिपर कसला, हा रणगाडा! चाकांचंही तसंच. एचओच्या नेहमीच्या चाकाची रुंदी साधारण २.८ मिमी, म्हणजे खऱ्या हिशोबात २४ सेंटीमीटर. रेल्वेचं खरं चाक तेरा-चौदा सेंटीमीटरचं असतं.

यात कुणाची लबाडी नाही. पत्रा कागदाहून पातळ केला तर बोट लागताच चुरगळेल. चाक अरुंद केलं तर घरगुती रुळांच्या सांध्यावरून घसरेल. बनवणाऱ्याने 'टिकणं' आणि 'चालणं' राखलं आणि त्यासाठी 'जाडी' सोडली. माझी तक्रार एवढीच, की हा सौदा खोक्यावर कुठे लिहिलेला नसतो. आपल्या शोधनिबंधांतही 'गृहीतके' हा परिच्छेद दोन ओळींत उरकलेला असतो, तसंच हे.

वजन आणि दोन घड्याळं

पट्टीने सापडणाऱ्या चुका सोप्या असतात. पट्टीला न सापडणाऱ्या जास्त घात करतात.

साडेतीन टनांचं छोटं खाणइंजिन घ्या. लांबी ८७ पट कमी झाली की आकारमान, आणि धातू तोच असेल तर वजनही, ८७ चा घन, म्हणजे ६,५८,५०३ पट कमी होतं. उत्तर येतं ५.३ ग्रॅम. पाच रुपयांच्या नाण्याहूनही हलकं. तुम्ही लगेच म्हणाल, "मग डबेही तेवढ्याच पटीने हलके झाले ना? ओढायला अडचण काय?" बरोबर आहे. घर्षण फक्त वजनाच्या प्रमाणात असतं तर अडचण आलीच नसती. पण आसाच्या भोकातला चिकटपणा, रुळांवरची धूळ, चाक आणि रूळ यांच्यातून वीज जायला लागणारा किमान दाब, यांपैकी काहीच ८७ च्या घनाने कमी होत नाही. पाच ग्रॅमचं इंजिन धुळीच्या एका कणावर अडून बसतं.

जर्मनीतल्या बुश कंपनीने १:८७ प्रमाणात हलक्या खाणरेल्वेची मालिका काढली आहे. रूळ ६.५ मिमीचे, खऱ्या ६०० मिमीच्या रुळांसाठी. त्यांनी इंजिनाच्या पोटात चुंबक बसवला आणि रुळांमध्ये लोखंडी तार. चुंबक इंजिनाला खाली ओढून धरतो, चाकांची पकड वाढते, गाडी चालते. मला ही युक्ती फार आवडते. खऱ्या खाणीत असं काही नव्हतं, म्हणून इतिहास विचारला तर हे खोटं. 'एवढं छोटं इंजिन डबे ओढताना दिसावं' असं विचारलं तर हेच त्या मॉडेलला खरं करतं. आपल्या संगणकीय सिम्युलेशनमध्ये गणित कोसळू नये म्हणून आपण जे कृत्रिम पद घालतो, ते याच जातीचं. घालायला हरकत नाही. ते घातलंय हे विसरलात, की चुंबकाला गुरुत्वाकर्षण समजून निष्कर्ष लिहाल.

आता घड्याळ. समजा एक माणूस टिपर ढकलत ताशी चार किलोमीटरने चाललाय. १:८७ ला हा वेग सेकंदाला साधारण १३ मिमी. छान, संथ दिसतो. मग टिपर कलंडतो आणि माल खाली पडतो. खाणीत एक मीटर खाली पडायला ०.४५ सेकंद लागतात. मॉडेलमध्ये तेच अंतर साडेअकरा मिलिमीटर, आणि ते पार व्हायला ०.०५ सेकंदही लागत नाही. गुरुत्वाकर्षण लहान होत नाही, म्हणून पडण्याचा वेळ ८७ च्या वर्गमुळाने, सुमारे ९.३ पटीने, कमी होतो. म्हणजे एकाच फळ्यावर दोन घड्याळं चालू आहेत. गाडीचं घड्याळ खऱ्या वेळेचं, मालाचं घड्याळ नऊपट घाईचं. खेळण्यातली गाडी 'खेळण्यासारखी' दिसते त्यात मोठा वाटा या घाईचा आहे. सिनेमावाले छोट्या मॉडेलवरचा पूर किंवा स्फोट वेगवान कॅमेऱ्याने टिपून संथ दाखवतात तेही याचमुळे. विल्यम फ्रूडने १८७० च्या दशकात जहाजांची छोटी मॉडेल्स पाण्यात ओढून हेच गुणोत्तर पक्कं केलं. आज आपण त्याला फ्रूड नंबर म्हणतो आणि परीक्षेपुरतं पाठ करतो.

माझा टिपर

आता माझ्याकडे येते. माझा विषय दाणेदार पदार्थांचा प्रवाह : वाळू, धान्य, खनिज हे साठ्यातून कसे वाहतात, कुठे अडतात. कलंडणाऱ्या डब्यातून खनिज पूर्ण बाहेर पडतं की काही तळाशी चिकटून राहतं, हा त्यातला एक छोटा प्रश्न. मी १:२० प्रमाणात टिपर बनवायचं ठरवलं. बोहरी आळीतून पितळी पट्ट्या आणल्या, तपकीर गल्लीतून छोटी मोटर, आणि डब्यासाठी कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा वापरला. तो ०.१ मिमी, म्हणजे खऱ्या हिशोबात २ मिमी. रणगाडा झाला नाही याचा मला केवढा अभिमान! ०.७६ घनमीटरचा डबा १:२० ला साधारण ९६ मिलिलिटरचा होतो. एक कटिंग चहा मावेल एवढा.

मग माल. इथे मी हुशारी केली. खाणीतल्या मालात मोठे तुकडे असतात आणि भुगाही असतो. मी सगळी मापं इमानदारीने वीसने भागली. ६० मिमीचा तुकडा ३ मिमीचा केला. १ मिमीचा भुगा ०.०५ मिमीचा केला. चाळण्यांवर चाळण्या, तोंडाला रुमाल. डबा भरला, कलंडवला. माल पडला नाही. तळाशी लिंपल्यासारखा बसून राहिला. पन्नास वेळा केलं, पन्नास वेळा तेच. मी आनंदाने आलेख काढले आणि 'भुग्याचं प्रमाण वाढलं की टिपर रिकामा होत नाही' असा निष्कर्ष लिहिला.

सेमिनारला बाहेरून आलेल्या एक बाई शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "हे कशाचं मॉडेल आहे? डब्याचं, की मालाचं?" मी म्हटलं, "दोन्हींचं." त्या म्हणाल्या, "कधी गिरणीत गेला आहात का?"

गिरणी डोळ्यासमोर आणा. वरच्या चाडीत गहू ओतला की सरसर खाली जातो. तोच गहू दळून पीठ झाला की नळीत चिकटतो आणि गिरणीवाला बाहेरून टकटक करत राहतो. पदार्थ एकच, फक्त दाणा लहान झाला. दाण्याचं वजन त्याच्या व्यासाच्या घनाने कमी होतं, पण दाण्यादाण्यांमधली चिकटण्याची ओढ ढोबळमानाने व्यासाच्याच प्रमाणात कमी होते. म्हणजे दाणा वीसपट लहान केला की वजनाच्या तुलनेत चिकटपणा चारशे पट वाढतो. कोरड्या पदार्थांत साधारण ०.१ मिमीच्या खाली गेलं की हा चिकटपणा जिंकू लागतो. माझा ०.०५ मिमीचा भुगा हा खाणीतल्या भुग्याची प्रतिकृती नव्हताच. ते पीठ होतं. मापात मी अचूक होते आणि वागणुकीत साफ चुकले होते.

गंमत म्हणजे बरोबर मॉडेल करायला मापात 'चूक' करावी लागते. भुगा काढून टाकायचा किंवा मुद्दाम जाड ठेवायचा, आणि तसं स्पष्ट लिहायचं. कोरड्या, न चिकटणाऱ्या दाण्यांच्या ढिगाचा उतार प्रमाण बदललं तरी जवळपास तोच राहतो. म्हणून हौशी माणसाने जाडसर चाळलेल्या खडीचा केलेला ढीग माझ्या काटेकोर पिठापेक्षा खाणीच्या जास्त जवळ असतो. त्याने हे गणित केलेलं नसतं, ढीग 'बरा दिसेपर्यंत' चाळण्या बदललेल्या असतात. ते बघणं हेसुद्धा एक मोजमापच होतं आणि मी त्याला हसले होते.

ते प्रकरण प्रबंधातून गेलं. त्याच्या जागी आता चिकटपणा आणि वजन यांच्या गुणोत्तरावरचं प्रकरण आहे. टिपर टेबलावर आहे, तळाशी अजून थोडं पीठ आहे. पुसलं नाही.

माणूस पट्टीसारखा वापरला आणि मग खोडला

आणखी एक टीका उरली आहे, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

खाणीतल्या जुन्या यंत्रांची ड्रॉइंग्ज क्वचित हाती लागतात. मग मॉडेल बनवणारा छायाचित्रावरून माप काढतो. जुन्या खाण-छायाचित्रांत एक ओळखीची पद्धत दिसते : यंत्राशेजारी किंवा खडकाशेजारी एक मजूर उभा. तो तिथे का आहे? बघणाऱ्याला आकाराचा अंदाज यावा म्हणून. म्हणजे माणूस पट्टी म्हणून उभा केलाय. आपणही त्याला पट्टी म्हणूनच वापरतो. त्याची उंची १७० सेंटीमीटर धरली आणि प्रत्यक्षात तो १६० चा असला, तर प्रत्येक माप सहा टक्क्यांनी फुगतं. ९० सेंटीमीटरचा डबा साडेपंच्याण्णवचा होतो. तो डब्याच्या पुढे, कॅमेऱ्याजवळ उभा असेल तर चूक उलट दिशेला जाते. उपाय सोपा आहे : डब्याखालचे रूळ बघा. गेज माहीत असेल तर पट्टी तिथेच पडलेली आहे, आणि ती डब्याच्या अगदी जवळ आहे.

मापाचं भागलं. पुढे काय होतं? डबा तयार होतो, रूळ तयार होतात, रिव्हेट एक एक करून बसवले जातात. तो माणूस मात्र मॉडेलमध्ये येत नाही. मी पाहिलेल्या बहुतेक खाणरेल्वेंच्या मॉडेल्समध्ये इंजिनचालक असतो, फार तर टोपीवाला एक साहेब. ढकलणारे नसतात. डोक्यावर घमेलं घेऊन ढिगाकडे चाललेल्या बायका नसतात. १:८७ ला १६० सेंटीमीटरचा माणूस १८ मिमीचा होतो आणि अशा आकृत्या विकत मिळतात. म्हणजे अडचण जागेची नाही, पैशाचीही फारशी नाही.

"हे समाजशास्त्र झालं, आपण सायन्सवाले," असं म्हणू नका. ही यंत्रशास्त्राचीच चूक आहे. भरलेला टिपर दोन टनांचा धरा आणि रोलिंगचा विरोध वजनाच्या एक टक्का धरा. सपाटीवर तो हलता ठेवायला वीस किलोचा जोर लागतो, एक माणूस दमत-थांबत ढकलेल. आता रुळांना तीसास एक चढ द्या. आणखी ६७ किलो वाढले, एकूण ८७. एका माणसाचं काम राहिलं नाही. एकदा एका हौशी मित्राने असाच चढ केला होता, दिसायला सुंदर. मी विचारलं, "वर कोण नेतं?" त्याने शेडजवळ एक दोराचं चाक बसवलं आणि चढाच्या तोंडाशी तीन माणसं उभी केली. मॉडेल सजलं म्हणून बरं वाटलं असं नाही, गणित जुळलं. माणसं गाळली होती तेव्हा त्या रेल्वेचं इंजिनच गाळलं होतं.

इतिहासाच्या बाजूनेही बघा. एल. एल. फर्मर यांचा भारतातल्या मँगनीज खनिजांवरचा ग्रंथ १९०९ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने छापला. या भागातल्या मँगनीजयुक्त खडकाला त्यांनी नाव दिलं गोंडाइट, इथल्या गोंड समाजावरून. म्हणजे खडकाच्या नावात तरी माणसं उरली. खाणीत स्त्रियांचं काम तर कायद्याच्या इतिहासातच नोंदलेलं आहे. १९२९ च्या नियमांनी त्यांना जमिनीखालच्या कामातून टप्प्याटप्प्याने बाहेर काढायचं ठरलं, महायुद्धात १९४३ मध्ये ती बंदी उठवली गेली आणि १९४६ मध्ये पुन्हा लागू झाली. माणसं लागली तेव्हा दार उघडलं आणि मग लावून घेतलं. '१९४४ ची भारतीय कोळसा खाण' अशी पाटी लावून जमिनीखालचं दृश्य कुणी बनवलं आणि त्यात एकही बाई नसेल, तर तारीख चुकली असं मी परीक्षणात लिहीन. रुळांचं गेज चुकलं असं लिहिते तसंच.

"छंद आहे, एवढं कशाला?"

हा आक्षेप रास्त आहे. रविवारी दोन तास निवांत बसून डबा रंगवणाऱ्याला मी चिकटपणाचं समीकरण का शिकवावं? शिकवूच नये. मॉडेलने घरात आनंद दिला की त्याचं काम झालं.

अडचण पुढे येते. खरी वस्तू भंगारात जाते आणि मॉडेल उरतं. नागपूर-नागभीडची छोटी लाईन २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे, तिथे निदान खरं लोखंड हाताने चाचपता येतं. पण खाणीतले टिपर इंजिनांइतके भाग्यवान नसतात. गंजले की किलोच्या भावाने जातात. उद्या एखादा विद्यार्थी टिपरबद्दल विचारेल तेव्हा त्याला कुणाच्या तरी कपाटातलं मॉडेल दाखवलं जाईल. ते साडेत्रेचाळीस मिलिमीटरचा पत्रा, ते अठ्ठावीस टक्के फुगलेले रूळ, तो ढकलणाऱ्यांशिवायचा चढ, हे सगळं पुरावा म्हणून उभं राहील. म्हणून माझी मागणी 'अचूक बनवा' अशी नाहीच. अचूक कुणालाच बनवता येत नाही, हे वर पाहिलं. मागणी एका चिठ्ठीची आहे. मॉडेलच्या तळाला चिकटवा : माप कुठून घेतलं, काय राखलं, काय सोडलं.

आता तुमचं काम

मुलाखतीची तयारी म्हणून एक व्यायाम देते. कुठलंही एक मॉडेल निवडा. कोथरूडचं संग्रहालय चालेल, शाळेतला ज्वालामुखी चालेल, तुमच्या सिनॉप्सिसमधलं समीकरण तर उत्तमच. एका पानावर पाच उत्तरं लिहा.

१. हे कशाचं मॉडेल आहे? 'सगळ्याचं' हे उत्तर नाही. मी तेच दिलं होतं.

२. कोणतं गुणोत्तर राखलंय? लांबीचं, वेळेचं, बलांचं? सगळी एकदम राखता येत नाहीत.

३. काय मोडलंय, आणि ते कुठे लिहिलंय?

४. मापं कुठून आली? ज्याला पट्टी धरलं, त्याची स्वतःची लांबी कुणी मोजली होती?

५. चित्रात होतं पण मॉडेलमध्ये आलं नाही, असं काय किंवा कोण आहे? ते परत आणलं तर गणित बदलतं का?

पाचव्या प्रश्नावर बहुतेकजण अडतात, त्याला जास्त वेळ द्या. आणि तिसऱ्याचं उत्तर 'काहीच मोडलेलं नाही' असं आलं, तर पेन खाली ठेवा, एक चक्कर कोपऱ्यावरच्या गिरणीत मारून या, आणि मग पुन्हा लिहायला बसा.